कुलपांचं पाप म्हाताऱ्यांच्या माथी

मांडव्यापासून सासवने, आवास, किहीम, थळ करत खाली नागाव-रेवदंड्यापर्यंत अलिबागच्या किनाऱ्यावर कुठेही चहाला थांबा, एक तक्रार हमखास कानावर येते. मुंबई-पुण्याचे निवृत्त लोक येऊन बसले आणि त्यांनी गावाचा वृद्धाश्रम केला. जमिनीचे भाव त्यांनी चढवले, गावच्या पोराला घरापुरते दोन गुंठे परवडेनासे झाले, वरातीचा आवाज त्यांना सोसत नाही, आणि दुखलंखुपलं की दवाखाना नाही म्हणून ओरडही तेच करतात. गंमत म्हणजे तिकडे मुंबईत याच लोकांची मुलं त्यांना वेड्यात काढत असतात. सत्तरीला आलात आणि समुद्राकाठी एकटे राहायला निघालात? तिथे डॉक्टर कोण, बोलायला माणूस कोण?

दोन्हीकडचे आरोप एकाच माणसावर आहेत, ते एकेक करून तपासू. आधी भावांचं बघू. पेन्शनीतला माणूस दादरचा किंवा ठाण्याचा फ्लॅट विकून एकदाच, एकच घर घेतो. भाव चढतो तो सारखी खरेदी-विक्री होते तिथे. मांडव्याला मार्च २०२०मध्ये रो-रो सुरू झाली आणि गाडी बोटीत घालून तासाभरात पलीकडे येता येऊ लागलं. १२ जानेवारी २०२४ला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. त्यानंतरच्या जाहिराती काढून बघा. विकलं जातं ते ‘मुंबईपासून इतक्या वेळात’ हे वाक्य. आता मला सांगा, जो माणूस बारमाही आवासला राहणार आहे त्याला मुंबई तासावर असली काय आणि तीन तासांवर असली काय! अंतर तासांत मोजावं लागतं ते शुक्रवारी संध्याकाळी येऊन रविवारी रात्री परत जाणाऱ्याला. चढलेला भाव हा शनिवार-रविवारचा भाव आहे. त्याची पावती म्हाताऱ्याच्या नावाने का फाडायची?

तेच राहणीचं. राहता म्हातारा रोज कोळणीकडून मासळी घेतो, गावातल्याच दुकानात वाणसामान भरतो, एसटीने अलिबागला जातो, माडावर चढायला गावचाच पाडेकरी बोलावतो. पोहण्याच्या तलावाचा बंगला येताना बर्फापासून मटणापर्यंत सगळं गाडीत घालून आणतो. एरवी त्याचं फाटक बंद, आत एक केअरटेकर आणि एक कुत्रा.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. माड-पोफळी आडव्या झाल्या, कौलं आणि पत्रे उडाले, वीज कित्येक दिवस नव्हती. वर टाळेबंदीचा काळ. ज्या घरात माणूस होता तिथे त्याच दिवशी कुणीतरी ताडपत्री ओढली, आतलं सामान कोरड्या खोलीत सरकवलं. बंद घराचं छप्पर गेलं की पुढचा पाऊस सरळ जमिनीवर. भिंतीला ओल, वाशाला वाळवी, आणि शेजाऱ्याच्या वाडीत पडलेला माड कुणी तोडायचा यावर फोनाफोनी.

आवाजाच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे, ते झाकण्यात अर्थ नाही. गाव आपण आलो त्या दिवशी होतं तसंच राहावं असा हट्ट काही मंडळी धरतात. पण इथेही नीट बघावं. फ्रान्समध्ये ओलेरोन बेटावर मॉरिस नावाच्या कोंबड्याच्या पहाटेच्या आरवण्याविरुद्ध खटला झाला होता. २०१९मध्ये निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला आणि जानेवारी २०२१मध्ये तिथल्या संसदेने खेड्यातले आवाज आणि वास यांना संरक्षण देणारा कायदाच केला. फिर्यादी जोडपं निवृत्त होतं, हे खरं. पण त्यांचं बेटावरचं घर सुट्टीतलं होतं. बारा महिने राहिले असते तर कोंबड्याची सवय झाली असती, निदान त्याच्या मालकिणीशी ओळख तरी.

दवाखान्याचा मुद्दा सगळ्यांत गंभीर आणि त्यात मुंबईच्या मुलांचं निम्मं बरोबर आहे. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, २०१४पासून १०८ची रुग्णवाहिका आहे, पण हृदयाचं किंवा मेंदूचं मोठं काही झालं की नवी मुंबई किंवा मुंबई गाठावी लागते. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद. रो-रो चालते, तीही समुद्र खवळला नसेल तर. वडखळचा रस्ता सुट्टीच्या दिवशी कसा तुंबतो हे सांगायला नको. हे सगळं मान्य. पण गावात जन्मून गावातच सत्तरीला आलेल्या कोळणीला काळीज नसतं का? तिला कधी कुणी विचारलं, की बाई, तू इथे राहण्याचा वेडेपणा का करतेस? तिची गरज कालही होती, फक्त अर्ज लिहिणारं कुणी नव्हतं. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर का नाही म्हणून निवृत्त हेडमास्तर जिल्हा परिषदेला पत्रामागून पत्र धाडतात, ती ‘म्हाताऱ्यांची ओरड’ तिच्याही उपयोगाची आहे. बंगल्यातला पाहुणा असली पत्रं लिहीत नाही. त्याचा डॉक्टर मुंबईत.

‘तिथे करायचं काय’ हा प्रश्न मी फार मनावर घेत नाही. नोकरी सुटलेल्या सलीम अलींनी १९३०च्या सुमारास किहीमला राहून सुगरण पक्ष्यांची घरटी पाहण्यात दिवस घालवले आणि त्यातून त्या पक्ष्याच्या संसाराची रीत पहिल्यांदा नीट जगापुढे आली. सासवन्याला शिल्पकार करमरकरांचं घर आज शिल्पालय आहे. तिथे कोळीण आणि म्हैस बघून या. शेजार लाभल्याशिवाय तशी म्हैस घडत नाही.

आता मंडन. कोकणाला माणसं जास्त झाल्याचं दुखणं कधीच नव्हतं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. गणपतीला आणि शिमग्याला उघडणारी घरं आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहतो आहोत. अशा मुलखात साठीचा चाकरमानी परत येऊन दिवा लावत असेल, किंवा बाहेरचा येऊन मतदार यादीत नाव घालत असेल, तर त्याला पाट द्यावा. ग्रामसभेला गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तितकी माणसं लागतात. ती जमत नाहीत म्हणून सभा तहकूब झाल्याचे किस्से कुठल्याही ग्रामसेवकाकडे मिळतील. त्या शंभरांत बसायला ज्याला वेळ आहे तो निवृत्त माणूस.

तेव्हा भेद वयावर न करता राहण्यावर करावा. हे इतरत्र झालं आहे. वेल्समध्ये एप्रिल २०२३पासून दुसऱ्या घरांवर नेहमीच्या करावर ३०० टक्क्यांपर्यंत अधिभार लावायची मुभा स्थानिक परिषदांना आहे. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्‌सने २०१६मध्ये सार्वमत घेऊन ठरवलं, की नवं घर कायम राहणाऱ्यालाच. बंदी नव्या घरांपुरती असल्याने मागणी जुन्या घरांकडे वळली, अशी टीका तिथे झाली आणि ती रास्त आहे. म्हणून बंदीपेक्षा मला वेल्सचा करच बरा वाटतो. आपल्याकडे घरपट्टी इमारतीच्या मूल्यावर बसते. राहत्या घराला आजची घरपट्टी आणि बंद घराला तिच्या काही पट, असा बदल राज्याने नियमांत करावा. जादा पैसा आरोग्य केंद्र आणि गावच्या पाणीयोजनेपुरता बांधून टाकावा. बंद बंगल्याची बोअरवेलही त्याच किनाऱ्याचं गोडं पाणी उपसते आणि विहिरीला खारं लागतं ते सगळ्या आळीच्या.

यावर ठरलेला आक्षेप येईल: घर बंद की उघडं हे ठरवणार कसं, मालक तर सांगेल आम्ही राहतोच. ठरवायला समिती नको. महावितरणचं वीजबिल बघावं, तेही फक्त जुलै-ऑगस्टचं.