पाळण्यांतलें नांव आणि मधलें नांव

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेंतून एका भगिनींचें पत्र आलें आहे. घरांत पहिलीच नात जन्मली असून बारसें आठवड्यावर आलें आहे. सासूबाईंच्या मनांत त्यांच्या आईचें, म्हणजे यमुना, हें नांव ठेवावें असें आहे. यजमानांस तें फार जुनाट वाटतें. त्यांनीं दोन अक्षरी एक नवें नांव शोधून काढलें आहे, त्याचा अर्थ मात्र घरांत कोणासच सांगतां येत नाहीं. भगिनींना स्वतःला जुनें, अर्थाचें, पण शाळेंत मुलीस कोणी हसणार नाहीं असें नांव हवें आहे. येथपर्यंतचा तंटा घरोघरचा आहे. पत्राच्या शेवटीं त्यांनीं जें विचारलें आहे तें मात्र नवें आहे. “मुलीच्या नांवापुढें आतां आईचें नांव लिहावें लागतें. माझें नांव लग्नांत बदललें. पदवीपत्रावर एक आहे, आधारपत्रावर दुसरें. तर मुलीच्या मधल्या नांवांत मीं कोणती म्हणून जावें?”

हा प्रश्न आमच्या आजीस पडला नसता. मुलीच्या नांवापुढें वडिलांचें नांव असावयाचें. लग्न झालें कीं तें जाऊन पतीचें यावयाचें. आणि त्याच दिवशीं ताटांतल्या तांदळांवर अंगठीनें तिचें स्वतःचें नांवहि दुसरें लिहिलें जावयाचें. बारा वर्षांची मुलगी सकाळीं एक असे आणि सायंकाळीं दुसरीच होई. त्यांत कोणास कांहीं गमावल्यासारखें वाटे कीं नाहीं हें कोणीं विचारलेंहि नाहीं.

काय पुसलें गेलें तें पाहावयास कोल्हापूरकरांस दूर जाण्याचें कारण नाहीं. १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळविलेल्या आनंदीबाई जोशी यांस कोल्हापूर संस्थानानें आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रीविभागावर नेमलें होतें. क्षयानें त्यांस गांठलें आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांचें जन्माचें नांव यमुना. शेजारच्या सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रें गांवीं जन्मलेल्या रमाबाई रानडे, त्याहि माहेरच्या यमुनाच. लक्ष्मीबाई टिळक माहेरीं मनू गोखले होत्या; झांशीच्या राणीचें माहेरचें नांव मनकर्णिका; अण्णासाहेब कर्व्यांशीं १८९३ सालीं पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई आनंदीबाई झाल्या. दोन यमुना, एक गोदावरी आणि काशीच्या घाटावरून आलेलीं नांवें, हीं सर्व नद्यातीर्थांचीं नांवें सासरच्या उंबरठ्यावर वाहून गेलीं. त्यांच्या जागीं आलेलीं रमा, लक्ष्मी, आनंदी हीं वाईट नांवें नव्हेत. तथापि तीं आईबापांनीं दिलेलीं नव्हतीं.

ह्याच कर्वे घराण्यांत पुढें एक सून आली. तिचा जन्म १९०५ सालीं ब्रह्मदेशांत झाला होता आणि तेथल्या मोठ्या नदीवरून वडिलांनीं तिचें नांव इरावती ठेवलें होतें. तें नांव बदललें नाहीं. ‘युगान्त’ ज्यांनीं वाचलें आहे त्यांस त्या ग्रंथावर दुसरें कोणतें नांव कल्पवणारहि नाहीं. सासू गोदूची आनंदी झाली आणि सून इरावतीच राहिली. एका पिढीच्या अंतरानें इतकें झालें!

जुन्या ग्रंथांचा आधार मागणाऱ्यांनीं आधीं ते ग्रंथ उघडून पाहावे. मुलाच्या नांवांत अक्षरें सम असावीं व मुलीच्या नांवांत विषम, असें गृह्यसूत्रांत आहे. त्या हिशेबानें यमुना, यशोदा, जानकी, इंदिरा, मैत्रेयी हीं नांवें उतरतात. पण सीता, राधा, उमा आणि रमा ह्या चौघीहि नापास होतात. स्त्रीचें नांव उच्चारण्यास सोपें, मृदु, स्पष्ट अर्थाचें, मंगल आणि शेवटीं दीर्घ स्वर असलेलें असावें, असें मनूनें म्हटलें आहे, आणि हें आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी यांचीं नांवें असलेल्या मुलींशीं विवाह करूं नये, असेंहि त्याच स्मृतींत पुढच्या अध्यायांत आहे. तें पाळलें असतें तर रोहिणी, रेवती, तुळसा, गंगा, गोदावरी, कृष्णा आणि मैना ह्या सर्व जन्मभर माहेरींच राहिल्या असत्या. ज्या कोल्हापुरास पंचगंगेचें पाणी आहे, आणि ज्या पंचगंगेच्या उपनद्यांचीं नांवेंच तुळशी, भोगावती व सरस्वती अशीं आहेत, तेथें तर हा नियम कोणीं मनावरहि घेतला नसता. आपल्या पूर्वजांनीं शास्त्रांतलें शहाणपण घेतलें आणि उरलेलें आदरानें बाजूस ठेवलें. आपणहि तसेंच करावें.

आतां भगिनींच्या मुख्य प्रश्नाकडे वळूं. महाराष्ट्र शासनानें मार्च २०२४ मध्यें असा निर्णय केला कीं, १ मे २०२४ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचें नांव शासकीय कागदपत्रांत बालकाचें, मग आईचें, मग वडिलांचें व शेवटीं आडनांव ह्या क्रमानें लिहावें. विवाहित स्त्रीच्या स्वतःच्या बाबतींत मात्र तिचें नांव, पतीचें नांव व आडनांव ही जुनीच रीत चालूं ठेविली आहे. म्हणजे आई आपल्या नांवांत सासू घेणार नाहीं. पण तिची लेक आपल्या नांवांत आईस घेऊन शाळेंत जाईल.

आणि येथेंच तांदळांतलें ते नांव आडवें येतें. लग्नानंतर स्त्रीनें नांव बदललेंच पाहिजे असा कोणताहि कायदा नाहीं. ती केवळ चाल आहे. परंतु जिनें बदललें तिचीं शाळेचीं प्रमाणपत्रें एका नांवाचीं आणि पुढचीं कागदपत्रें दुसऱ्या नांवाचीं राहतात. इतके दिवस हा घोळ तिच्यापुरता होता. आतां तो लेकीच्या जन्मनोंदींत शिरतो. आमचें स्पष्ट मत विचाराल तर, भगिनींनीं आपलें जन्मनांवच पुनः घ्यावें. अभ्यास करून मिळविलेली पदवी त्याच नांवाची आहे. राजपत्रांत नांवबदलाची रीतसर जाहिरात देऊन आधारपत्र व इतर कागद त्याप्रमाणें करून घ्यावे, आणि मग तेंच नांव मुलीच्या मधल्या नांवांत लिहावें. हें ज्यांस नको असेल त्यांनीं सासरचें नांव खुशाल ठेवावें; मात्र सर्व कागदांवर एकच असावें. घाईनें एक नांव सांगून मोकळें होऊं नये, कारण रुग्णालयांतून पालिकेकडे जाणाऱ्या पत्रकांत आईचें जें नांव पडतें तेंच पुढें चालतें. तें पत्रक एकदां स्वतः वाचून पाहावें. ऱ्हस्वदीर्घ आणि इंग्रजी अक्षरें दोन्ही तपासावीं.

ह्या निर्णयाचा आणखी एक परिणाम फारसा कोणाच्या ध्यानांत आलेला दिसत नाहीं. आज पाळण्यांत ठेवलेलें नांव पंचवीसतीस वर्षांनीं नातवंडांच्या नांवांत मधोमध बसणार आहे. म्हणून नांव निवडतांना तें एका तान्ह्या मुलीस कसें शोभतें एवढेंच पाहून भागत नाहीं. तें अंगणांत उभें राहून मोठ्यानें हाक मारून पाहावें. आणि मग एखाद्या थोराड मुलाच्या नांवापुढें, त्याच्या आईचें म्हणून, लिहून पाहावें. ज्यास अर्थ नाहीं तें नांव ह्या दुसऱ्या कसोटीस टिकत नाहीं. तारा टिकतें, कोल्हापूरच्या गादीचा पाया घालणाऱ्या महाराणींचें तें नांव त्यांच्यामागें अडीचशेंहून अधिक वर्षें टिकलेंच आहे. सुलभा टिकतें, ही जनकाशीं वाद करणारी विदुषी होती हें ठाऊक नसल्यामुळें लोक त्याचा अर्थ केवळ ‘सोपी’ असा करतात. आणि यमुना तर उत्तमच टिकतें.

नांवाचा आघात किती खोल जातो तें सातारा जिल्ह्यानें दाखविलें. मुलगा हवा असतां मुलगी झाली म्हणून ‘नकुशी’ असें नांव पडलेल्या अडीचशेंहून अधिक मुलींचीं नांवें तेथें २०११ च्या ऑक्टोबरांत समारंभपूर्वक बदलण्यांत आलीं. नांव बदलूं नये असें वर लिहिलें आहे, त्यास हा एक अपवाद आम्ही आनंदानें करतों.

राहतां राहिले सासूबाई आणि यजमान. जुन्या निबंधकारांनीं नामकरणाच्या वेळीं चार नांवें सांगितलीं आहेत: देवतेवरून एक, जन्ममासावरून एक, नक्षत्रावरून एक आणि व्यवहाराचें एक. तेव्हां चौघांचा आग्रह पुरवूनहि भांडणास जागा उरत नाहीं. आमच्या मतें व्यवहारांत यमुना लिहावें. आत्याबाईंनीं कानांत सांगावयाचें नांव पंचांगावरून काढावें. यजमानांचें दोन अक्षरी नांव घरांत हाक मारण्यास ठेवावें. नाहीं तरी यमुनेची ‘यमी’ होणारच आहे, त्यापेक्षां तें बरें. बारशापर्यंत एकमत न झाल्यास घाबरूं नये. जन्माची नोंद मुदतींत करावी. नांव मागाहून, बारा महिन्यांच्या आंत, विनाशुल्क घालतां येतें, आणि त्यानंतरहि पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालतां येतें. सासूबाई इतकें थांबतील असें मात्र पत्रावरून दिसत नाहीं.