‘साधी गोळी’ आणि विचारण्याचा हक्क

औषधाच्या दुकानात जाऊन ‘एखादी साधी गोळी द्या’ असे म्हणण्याची आपल्या समाजाला सवय जडली आहे. डोके दुखले, साधी गोळी. पोटात जळजळले, साधी गोळी. आणि ‘आयुर्वेदिक आहे, त्याने काही अपाय होत नाही’ हे वाक्य तर घराघरात पाठ झाले आहे. परंतु ज्याची कोलेस्टेरॉलची गोळी रोज चालू आहे, त्याच्यासाठी कोणतीही दुसरी गोळी विचारल्याशिवाय साधी नसते. हा विषय फक्त डॉक्टरांचा नाही. तो आपल्या जिवाचा आणि आपल्या हक्काचा आहे.

कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी बहुतेकांना ‘स्टॅटिन’ वर्गातील औषध दिले जाते. स्ट्रिपवर एटोरवास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन किंवा सिमवास्टॅटिन असे नाव असते. या औषधांमुळे हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका कमी होतो, हे मोठमोठ्या चाचण्यांनी सिद्ध झालेले आहे. बहुसंख्य लोकांना ती सोसतातही. तेव्हा हा लेख वाचून कोणीही आपली गोळी परस्पर बंद करू नये. प्रश्न त्या गोळीचा नाही, तिच्या जोडीला आपण काय घेतो याचा आहे.

महाराष्ट्रात नायट्याने, गजकर्णाने त्रस्त नाही अशी वस्ती शोधून सापडणार नाही. त्यावर इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल चिठ्ठीशिवाय सर्रास मिळतात. घसा धरला, खोकला झाला की क्लॅरिथ्रोमायसिन मिळते. एटोरवास्टॅटिन आणि सिमवास्टॅटिन यांचा निचरा यकृतातील ज्या यंत्रणेमार्फत होतो, तीच यंत्रणा ही दोन्ही औषधे रोखून धरतात. परिणामी स्टॅटिन रक्तात साचत जाते. स्नायू दुखतात, अशक्तपणा येतो आणि क्वचित प्रसंगी स्नायू अक्षरशः विरघळून त्यांचा मळ मूत्रपिंडात अडकतो. लघवी काळ्या चहासारखी होते. असे क्वचितच घडते, पण ते जिवावर बेतू शकते. अशा वेळी अंगदुखीची गोळी घेतली तर दुखणे झाकले जाते आणि मूत्रपिंडावर आणखी भार पडतो. स्टॅटिनसोबत ॲस्पिरिनही चालू असेल, तर या वेदनाशामक गोळ्यांमुळे जठरात रक्तस्राव होण्याची भीती वाढते.

आम्लपित्ताच्या औषधाचे उलट आहे. ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम असलेले ॲन्टासिड रोसुवास्टॅटिनबरोबरच घेतले, तर रक्तात पोहोचणारे औषध जवळपास निम्म्यावर येते. म्हणून आधी रोसुवास्टॅटिन घ्यावी आणि ॲन्टासिड त्यानंतर किमान दोन तासांनी. एवढी साधी सूचना किती दुकानांत दिली जाते?

आता ‘नैसर्गिक’ या शब्दाकडे वळू. ‘रेड यीस्ट राइस’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पूरकात मोनॅकोलिन-के नावाचे द्रव्य असते. ते म्हणजेच लोव्हास्टॅटिन! म्हणजे नैसर्गिक म्हणून माणूस नकळत दुसरे स्टॅटिन गिळतो. गुग्गुळाच्या अर्काने कोलेस्टेरॉल उतरते असा प्रचार झाला. २००३ साली अमेरिकेतील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल कमी न होता थोडे वाढलेलेच आढळले. कोरोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघर उकळला गेला. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु स्टॅटिन चालू असणाऱ्याने आपल्या यकृतावर असा प्रयोग का करावा?

हा ॲलोपॅथी विरुद्ध आयुर्वेद असा वाद नव्हे. सेरिव्हास्टॅटिन हे स्टॅटिन आधुनिक कंपनीचेच होते. स्नायू विरघळून झालेल्या मृत्यूंमुळे ते २००१ साली जगभरातून मागे घ्यावे लागले, आणि जेमफायब्रोझिल या दुसऱ्या औषधाच्या जोडीने त्याचा धोका अधिक होता. औषध कोणत्या पॅथीचे, याला महत्त्व नाही. ते कशाच्या सोबत घेतले, याला महत्त्व आहे.

कायदा काय म्हणतो? एटोरवास्टॅटिन असो की इट्राकोनॅझोल, ही अनुसूची ‘एच’मधील औषधे आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ नुसार चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनुसार रुग्णाला औषधाची माहिती समजावून सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ च्या अनुसूचीत हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह यांची नावे आहेत. हे रोग बरे करतो अशी जाहिरातच करता येत नाही. तरीही हृदयातील अडथळे काढणाऱ्या काढ्याच्या जाहिराती बिनदिक्कत झळकतात. कायदा कपाटात आणि जाहिरात चौकात, अशी ही अवस्था आहे.

याची किंमत कोण मोजतो? ज्याच्याकडे फॅमिली डॉक्टर आहे, तो फोन करून विचारतो. ज्याचा एक दिवसाचा खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली, तो सरकारी दवाखान्याच्या रांगेऐवजी कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. तिथे काउंटरवर फार्मासिस्ट असेलच याची खात्री नाही आणि स्ट्रिपवरचा इशारा इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत असतो. रुग्णाला अडाणी ठरवून ही व्यवस्था आपली जबाबदारी झटकू शकत नाही. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे संविधानाच्या अनुच्छेद ४७ नुसार राज्याचे कर्तव्य आहे. इशारे मराठीत असावेत आणि काउंटरवर फार्मासिस्ट हजर असावा, ही मागणी आपण अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी केली पाहिजे.

तोपर्यंत आपण काय करायचे? घरातील प्रत्येक ज्येष्ठाच्या सर्व औषधांची यादी एका कागदावर लिहा. चूर्ण, काढा, पूरक पावडरीही त्यात आल्या पाहिजेत. तो कागद दुकानदारासमोर ठेवून विचारा, ‘यांच्यासोबत हे चालेल का?’ पक्के बिल मागा. स्नायू दुखू लागले, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. औषधाचा दुष्परिणाम झाल्यास १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर कळवा. त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही.

काउंटरवर उभे राहून प्रश्न विचारण्यात लाज कसली? आपण पैसे देऊन औषध विकत घेतो. त्याची माहिती हा आपला हक्क आहे, आणि तो मागून घेतल्याशिवाय मिळणार नाही.