‘अनुभव हवा’ ही अट हिशेबात बसत नाही

एमआयडीसीतल्या कारखान्याच्या फाटकावर, बाजारपेठेतल्या दुकानाच्या काचेवर, वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत वर्षानुवर्षं एकच मजकूर दिसतो : अकाउंटंट पाहिजे, बी.कॉम., टॅली व जीएसटीची माहिती आवश्यक. किमान २ वर्षांचा अनुभव. नुकताच निकाल हाती आलेली मुलं-मुली ही जाहिरात वाचतात आणि शेवटच्या अटीपाशी अडतात. पहिलीच नोकरी मागणाऱ्याकडे अनुभव असणार कुठून, हा प्रश्न जाहिरात देणाऱ्याला पडत नाही, कारण नवख्या बी.कॉम.ला काही येत नाही हे त्यानं धरूनच ठेवलेलं असतं. ही समजूत खोडून काढण्यासाठीच हा लेख आहे. नवख्याला जे येत नाही ते थोडं आहे आणि तीन-चार महिन्यांत शिकवता येतं. त्याला जे येतं ते अवघड आहे आणि अकरावीपासून टी.वाय.पर्यंतची पाच वर्षं त्यात गेलेली आहेत. अनुभवाची अट घालणारे या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि त्या गल्लतीची किंमत मुलांबरोबर धंदाही मोजतो.

पहिला आक्षेप घरातूनच येतो. ‘नुसत्या बी.कॉम.ला कोण विचारतंय? सीए हो, नाहीतर स्पर्धा परीक्षेला बस.’ बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण वस्तुस्थिती उलट आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. आज देशात जीएसटीखाली नोंदलेले करदाते १ कोटी ४० लाखांच्या वर आहेत आणि सीए संस्थेचे सभासद ४ लाखांच्या आसपास. या प्रत्येक करदात्याकडे रोज बिलं फाटतात, खरेदी येते, बँकेत पैसे येतात-जातात. सीए ताळेबंद तपासतो आणि सही करतो. पण त्या ताळेबंदाखालची रोजची नोंद, पार्टीची खाती, बँकेशी मेळ, हे सगळं अकाउंटंटच्या टेबलावर होतं. ते काम कच्चं असेल तर सीएच्या हाती कच्चाच माल जातो. म्हणजे सीए न झालेल्यांनी करायचं हे काम उरलंसुरलं नाही. तो एक स्वतंत्र, पोटापाण्याचा आणि मानाचा पेशा आहे. तीन वर्षांची पदवी त्याच्या उंबरठ्यापर्यंत नेते. एवढं त्या पदवीचं काम आहे आणि ते ती चोख करते.

दुसरा पक्ष क्लासवाल्यांचा. ‘पदवीला किंमत नाही, आमचा टॅलीचा कोर्स करा, नोकरी पक्की.’ कोर्स वाईट नाही, तो करावाच. पण त्यात मिळतं काय, हेही नीट समजून घ्यावं. एफ५ दाबलं की पेमेंट, एफ६ ला रिसीट, एफ७ ला जर्नल, एफ८ ला सेल्स, एफ९ ला पर्चेस. या कळा हुशार मुलगी दोन दिवसांत पाठ करते. खरं काम दिसतं ते एखाद्या छोट्या वर्कशॉपच्या बँक स्टेटमेंटचं एक पान समोर ठेवल्यावर.

त्या पानावर ५८,५०० रुपये जमा आहेत. बिल मात्र ५०,००० च्या मजुरीचं, त्यावर १८ टक्के जीएसटी ९,०००, असं एकूण ५९,००० चं आहे. ५०० रुपये कुठे गेले? समोरच्या कंपनीनं मजुरीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापला. ते पैसे बुडालेले नाहीत, मालकाच्या नावानं सरकारकडे जमा झाले आहेत. ते ‘सूट दिली’ म्हणून खर्ची टाकले तर मालकाचं हक्काचं येणं पुस्तकांतून गायब होतं. पुढची ओळ कर्जाच्या हप्त्याची : २४,५००. त्यातले १५,४०० मुद्दल आणि ९,१०० व्याज, ही फोड बँक स्टेटमेंट सांगत नाही. ती कर्जाच्या तक्त्यातून काढावी लागते. अख्खा हप्ता व्याजात टाकला तर नफा खोटा कमी दिसतो, अख्खा मुद्दलात टाकला तर खोटा जास्त. त्याखाली विम्याचा हप्ता आहे, पण विमा मालकाच्या आयुष्याचा, मशीनचा नव्हे. म्हणजे तो धंद्याचा खर्च नाही, मालकाची उचल आहे. आणखी खाली जागामालकाला दिलेलं १ लाख डिपॉझिट. ते भाडं नव्हे, परत मिळायची रक्कम आहे. ताळेबंदात ती मालमत्तेच्या बाजूला बसते.

या चारही ओळी चुकीच्या खात्यात टाकल्या तरी टॅली त्या मुकाट्यानं घेतं. तेरीज जुळते, बेरजा बरोबर येतात आणि हिशेब चुकतो. खर्च कुठला, मालमत्ता कुठली, देणं कुठलं, उचल कुठली, हा विवेक क्लासच्या तीन महिन्यांतून येत नाही. तो पुस्तपालन आणि लेखाकर्माच्या त्या पाच वर्षांतून येतो. म्हणून पदवीला किंमत नाही म्हणणारा क्लास आणि नवख्याला काही येत नाही म्हणणारा मालक, दोघंही एकच चूक करतात. हाताचा वेग दोघांना दिसतो. वेग कुठल्या दिशेला न्यायचा ते ठरवणारी समज दोघांच्याही नजरेतून सुटते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. मालक म्हणतो, ‘समज असेल, पण चूक झाली तर दंड मला बसतो.’ त्याची भीती खरी आहे. टीडीएस ७ तारखेला, जीएसटीआर-१ ११ तारखेला, पीएफ आणि ईएसआयसी १५ ला, जीएसटीआर-३बी २० ला. ३बी चुकलं तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर सालीना १८ टक्के व्याज. आणि हेही खरं की नव्या पदवीधरानं जीएसटीचं पोर्टल उघडून पाहिलेलंही नसतं. याचं कारण त्याच्या बुद्धीत नाही, परीक्षेच्या रचनेत आहे. कॉलेजच्या प्रश्नपत्रिकेत तेरीज तयार मिळते. खाली समायोजनं दिलेली असतात आणि विद्यार्थ्यानं नफातोटा पत्रक आणि ताळेबंद करायचा असतो. कचेरीत नेमकं उलट असतं. तिथे ती तेरीज तयार करण्यातच वर्ष जातं : अर्धवट बिलं, पुसट झालेल्या पावत्या, यूपीआयच्या नुसत्या नंबरांच्या ओळी, ‘हे पैसे कोणाचे आले’ म्हणून मालकामागे लावलेला तगादा. परीक्षा जिथून सुरू होते तिथे नोकरीचं बरंचसं काम संपलेलं असतं.

पण यातून निघणारा निष्कर्ष मालक काढतो तो नव्हे. नवख्याला हिशेबाचा उत्तरार्ध येतो, पूर्वार्ध येत नाही, एवढंच यातून सिद्ध होतं. तो पूर्वार्ध टेबलावर बसूनच शिकता येतो. जगातलं कुठलंही पुस्तक तुमच्या दुकानातल्या पार्ट्यांची नावं आणि तुमच्या पुरवठादारांच्या सवयी शिकवणार नाही. दुसऱ्या कंपनीतून २ वर्षांचा अनुभव घेऊन आलेल्यालाही त्या नव्यानंच शिकाव्या लागतात. शिवाय ‘२ वर्षं’ म्हणजे काय केलेली २ वर्षं, हे कोण विचारतं? दोन वर्षं नुसती विक्रीची बिलं फाडलेला माणूस जाहिरातीत बसतो, आणि पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचं जीएसटीआर-२बी म्हणजे काय हे पहिल्या दिवशी समजून घेणारी मुलगी बसत नाही.

दंडाच्या भीतीवर खरा उपाय म्हणजे कामाची वाटणी. नवख्याच्या हाती पहिल्याच महिन्यात रिटर्न भरण्याचं काम कोणी देऊ नये. त्याला बँकेच्या नोंदी द्या, पार्टीची खाती जुळवायला द्या आणि दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर येणारं २बी खरेदीच्या बिलांशी ताडायला द्या. पुरवठादारानं आपलं बिल त्याच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवलं नसेल तर ते २बी मध्ये येत नाही आणि त्या करावरचं क्रेडिट अडकतं. ते अडकलेलं बिल शोधणं आणि पुरवठादाराला फोन करून ते भरायला लावणं, याला अनुभव नव्हे तर चिकाटी लागते. चिकाटीनं २बी ताडणारा माणूस पगाराच्या कितीतरी पट क्रेडिट वाचवू शकतो. नवखा माणूस तपासून घेतलेल्या कामात चुकला तर चूक त्याच आठवड्यात सापडते. ज्याचं काम कोणीच तपासत नाही अशा अनुभवी माणसाची चूक मात्र ऑडिटमध्येच सापडते.

चौथा पक्ष सर्वांत अन्यायाचा. ‘शिकायला मिळतंय ना? मग पहिले सहा महिने पगार कशाला?’ असं विचारणारी ठिकाणं आहेत. सीए कचेऱ्यांत जुलैत आयकर विवरणपत्रांची गर्दी, सप्टेंबरात ऑडिटची, म्हणून जूनमध्ये मुलं घ्यायची आणि काम ओसरलं की ‘कळवतो’ म्हणायचं, हीसुद्धा जागोजागची रीत आहे. याला शिकवणं म्हणत नाहीत. मुलानं मारलेल्या प्रत्येक एंट्रीचं बिल पक्षकाराला लागतं, तर त्या एंट्रीचा मोबदला मुलाला मिळालाच पाहिजे. महाराष्ट्र शासनानं २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली तेव्हा प्रशिक्षण घेणाऱ्या पदवीधरालाही महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. शिकाऊ माणसाच्या वेळेला किंमत असते, हे सरकारनंच मान्य केलं आहे. मग ज्याच्या कामावर कमाई होते त्या कचेरीनं ते नाकारणं कुठल्याच न्यायात बसत नाही.

मुलींना याच्या जोडीला आणखी एक ऐकावं लागतं : ‘लग्न झालं की सोडून जाशील.’ मुलगा हजार रुपये जास्त मिळाले की सोडून जातो, तरी त्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. हा प्रश्न मुलाखतीतून हद्दपार झाला पाहिजे. आणि यंत्रं आता सगळं करतील म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं की यंत्र बिल वाचतं, पण बिलातला माल खरंच गोदामात उतरला का हे त्याला ठाऊक नसतं. ते विचारणारा माणूस लागतोच.

इतकं खंडन केल्यावर काय हवं तेही सांगणं माझं कर्तव्य आहे.

मालकांनी आणि सीए कचेऱ्यांनी वर्षांची अट काढून टाकावी आणि तिच्या जागी तासाभराची परीक्षा ठेवावी. वर सांगितलं तसं बँक स्टेटमेंटचं एक पान, दहा बिलं आणि कोरा कागद द्यावा. संगणकसुद्धा नको. प्रत्येक ओळ कुठल्या खात्यात जाईल आणि का, एवढं लिहायला सांगावं. ज्या ओळीचा उलगडा होत नाही तिच्यापुढे ‘विचारावं लागेल’ असं लिहिणाऱ्या उमेदवाराला आधी घ्यावं, कारण अंदाजानं खातं ठोकून देणारा हात हिशेबाला सर्वांत घातक असतो. निवडलेल्याला पहिल्या महिन्यापासून ठरलेला पगार द्यावा आणि पहिले तीन महिने त्याचं काम आठवड्यातून एकदा बसून तपासावं.

महाविद्यालयांनी तयार तेरजेचा नाद सोडावा. शेवटच्या वर्षाला एक तरी पेपर असा असावा की विद्यार्थ्यासमोर पावत्यांचा गठ्ठा येईल आणि त्यानं रोजकीर्दीपासून सुरुवात करायची. तसा पेपर काढणं प्राध्यापकांना अवघड नाही. तपासायला वेळ लागेल, पण तो वेळ द्यायलाच हवा.

आणि मुलांना माझं सांगणं कळकळीचं आहे. जाहिरातीतली अट बघून अर्ज करायचं थांबू नका. पण रिकाम्या हातानंही जाऊ नका. तुमच्या आसपास हिशेब पडलेले आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्थेचं वर्ष ३१ मार्चला संपतं, ३१ जुलैपर्यंत ऑडिट आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा व्हावी लागते. तिथल्या खजिनदाराला मदत हवीच असते. गणेशोत्सव मंडळाला वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते आणि नंतर त्या वर्गणीचा हिशेब द्यावा लागतो. आईच्या बचत गटाचं कर्जखातं असतं, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची उधारीची वही असते. यातल्या एकाचं पूर्ण एक वर्ष रोजकीर्दीपासून ताळेबंदापर्यंत स्वतः लिहा, बँकेशी पैसा न् पैसा जुळवा, मालकाची परवानगी घेऊन आणि नावं झाकून ते कागद मुलाखतीला न्या. ‘मला टॅली येतं’ हे वाक्य प्रत्येकाच्या बायोडेटात असतं. ‘हे वर्ष मी जुळवलं, इथे अडलं, असं सोडवलं’ हे सांगणारा दहांत एखादाच निघतो, आणि समोरच्याला तोच हवा असतो. पगार विचारायला लाजू नका, आणि पैसे कधीपासून मिळणार याचं उत्तर लेखी घ्या.

शेवटी प्रश्न धंद्याच्या हिताचाही आहे. प्रत्येकानं तयार माणूसच मागायचा ठरवलं आणि कोणीच तयार करायचा नाही म्हटलं, तर तीच थोडी माणसं एका कचेरीतून दुसरीत फिरत राहतात, दर वेळी पगार वाढवून मागतात आणि मार्चअखेरीला सोडून जाण्याचा धाक घालतात. मालक त्यांच्या नावानं बोटं मोडतात, पण ही टंचाई त्यांच्याच अटीनं निर्माण केलेली असते. आज ज्यांच्या दहा-पंधरा वर्षांच्या अनुभवावर तुमची पुस्तकं चालतात, त्या प्रत्येकाला कोणीतरी अनुभव नसताना कामावर घेतलं होतं आणि शिकवलं होतं. त्या शिकवण्याचा फायदा तुम्ही घेत आहात. म्हणून चार अनुभवी माणसं असलेल्या प्रत्येक कचेरीनं वर्षाला एक नवखा घ्यावा, पूर्ण पगारावर घ्यावा आणि मन लावून शिकवावा. हे उपकार नव्हेत, आधी घेतलेल्या देण्याची फेड आहे. आणि देणं फेडायचं असतं हे हिशेबाच्या माणसाला वेगळं सांगावं लागू नये.