बचतीचा डबा हवा, पण हक्क सोडू नका

घरात आजारपण आले की आधी प्रश्न येतो पैशाचा. म्हणून अनेक भगिनी विचारतात, आजारपणासाठी वेगळी बचत करावी का?

जरूर करा. बचत गटात किंवा बँकेत वेगळे पैसे असले की डॉक्टरची फी, गोळ्या, रक्ततपासणी, रिक्षाभाडे यांसाठी व्याजाने पैसे काढावे लागत नाहीत.

पण महिन्याला 200 टाकले तर वर्षाचे होतात 2,400. नर्स म्हणून सांगते, ऑपरेशनपुढे ते एक दिवसही पुरत नाहीत. ज्या घरात आजार जास्त, त्याचाच डबा आधी रिकामा. मोठा खर्च सगळ्यांनी मिळूनच पेलतो.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, 1943 मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम प्रा. अदारकरांकडे सोपवले गेले. त्यातून पुढे 1948 चा ईएसआय कायदा आला. वालीव, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत राबणाऱ्यांनो, 10 किंवा जास्त कामगार असतील तर मालकाला विचारा, आमचे ईएसआय भरता का? बाकीच्यांनी रेशनकार्ड आणि आधारवरची नावे आजच जुळवून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

लहान खर्चाला डबा, मोठ्याला हक्क. डबा आहे म्हणून हक्क सोडू नका.

जय भीम!