पित्याची रजा

घरीं बाळ जन्मलें कीं पेढे वांटण्याचा मान पित्याचा. पण पेढे वांटून होतात न होतात तोंच त्यानें कामावर रुजू व्हावें, अशी आपल्याकडील रीत आहे. कायद्यानेंही ती फारशी मोडिलेली नाहीं. २०१७ च्या दुरुस्तीनें मातेस पहिल्या दोन अपत्यांच्या वेळीं २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळूं लागली. पित्यांपैकीं केंद्र सरकारच्या नोकरास १५ दिवस मिळतात. खाजगी नोकरींतील बापास मात्र मालकाच्या मर्जीवाचून आधार नाहीं. हिंगोलीचे खासदार राजीव सातव ह्यांनीं २०१७ सालींच लोकसभेंत ह्याविषयीं विधेयक आणिलें होतें. त्याचा कायदा झाला नाहीं.

"बापाला रजा कशाला? तो काय मुलाला पाजणार आहे?" असें सुज्ञ गृहस्थही विचारतात. त्यांनीं स्वतः तान्ह्या मुलासाठीं किती रात्री जागविल्या, हें आम्ही विचारीत नाहीं. परंतु पाजणें सोडून बाळाचें जें जें करावें लागतें, त्यांत पुरुषाच्या हातून होणार नाहीं असें आम्हांस तरी कांहीं दिसत नाहीं.

खरी अडचण संकोचाची आहे, आणि ती नुसत्या रजेनें सुटत नाहीं. स्वीडनमध्यें १९७४ सालींच बालसंगोपनाची सवेतन रजा आईबाप दोघांसही खुली झाली. एका धिप्पाड, वजनें उचलणाऱ्या मल्लाच्या हातीं तान्हें मूल देऊन सरकारनें त्याचें चित्रही लोकांपुढें मांडिलें. तरी बहुतेक बाप आपला वांटा बायकोच्या स्वाधीन करून कामावर जात राहिले. १९९५ सालीं तेथील कायद्यानें प्रत्येकाचा एक महिना असा राखून ठेविला कीं, एकानें न घेतल्यास तो दुसऱ्यास मिळूं नये, बुडावा. तेव्हां कोठें बाप घरीं राहूं लागले. आज प्रत्येकाचे ९० दिवस असे राखीव आहेत. वरिष्ठापुढें उभें राहून "मला मुलाजवळ राहावयाचें आहे" असें म्हणणें पुरुषास जड जातें. "न घेतली तर बुडेल" हें सहज म्हणतां येतें.

आपल्याकडील सरकारी १५ दिवसही न घेतल्यास असेच बुडतात; मात्र प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत ते केव्हांही घेतां येतात, ही त्यांतली मोठी सोय. पहिलटकरीण बहुधा माहेरीं बाळंत होते. तेथें आजी-मावश्यांच्या गर्दींत जांवयास कोणी कामाला हात लावूं देत नाहीं. ती बाळ घेऊन आपल्या घरीं परतते आणि मदतीस कोणी नसतें, तेव्हां ही रजा घ्यावी. खाजगी नोकरांसाठीं कायदा होईल तेव्हां एवढी मुदत त्यांतही असावी, आणि दिवस पंधरांहून अधिक असावेत.