फिटलेली पिकअप कुणाच्या सोयीसाठी मोडायची?

दसरा-दिवाळी तोंडावर आली की छत्रपती संभाजीनगरात जालना रोडपासून वाळूजपर्यंत एक्स्चेंज मेळ्यांचे मांडव पडतात. जुनी पिकअप आणा, नवी घेऊन जा. माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याच्या गाडीचं कर्ज फिटलेलं आहे, चेसिस शाबूत आहे आणि जो स्वतः स्टिअरिंगवर बसून घर चालवतो, त्याने त्या मांडवाकडे फिरकू नये. बदलायची वेळ खरोखर आलीच, तर जुनी गाडी शोरूमच्या हवाली करू नये. स्वतः गिऱ्हाईक बघून विकावी. हे मेळे गाडीवाल्याच्या भल्यासाठी भरत नाहीत. कर्ज फेडून मोकळ्या झालेल्या माणसाकडून फायनान्सवाल्याला छदामही मिळत नाही, म्हणून त्याला पुन्हा कर्जात ओढायला ते भरतात.

माझी पिकअप २०१४ ची. फुलंब्री-कन्नड पट्ट्यातली अद्रक, हंगामात पाचोडकडची मोसंबी, एरवी टोमॅटो-कोबीचे कॅरेट, सगळं जाधववाडीच्या मार्केटला. माल उतरला की चिकलठाण्याला नाहीतर वाळूजला चक्कर मारायची. परतीचं भाडं लागलं तर लागलं. शेवटचा हप्ता भरून आरसीवरचा बोजा उतरवला, त्या दिवसापासून गाडी दारात उभी राहिली तरी मला झोप लागते. ही गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नसते. पाऊस लांबला, अद्रकीचा भाव पडला, शेतकऱ्याने माल काढलाच नाही, तरी माझ्याकडे कुणी मागायला येत नाही. नव्या गाडीवाल्याला हप्त्याच्या तारखेआधीच फोन सुरू होतात, तारीख टळली की माणूस दारात येतो, आणि हप्ते थकत गेले की वसुलीवाले भर रस्त्यात चावी काढून घेतात. हौद्यात दुसऱ्याचा माल आहे याचंही त्यांना सोयरसुतक नसतं.

विकणारा पहिला वार भीतीने करतो. ‘काका, डिझेलला दहाच वर्षं असतात. कधीही बंद करतील. भाव येतोय तोवर मोकळे व्हा.’ मला हे तोंडावर सांगितलं गेलंय, आणि मार्केटच्या गेटवर उभ्या असलेल्या कितीतरी पोरांना ते खरंच वाटतं. साफ खोटं आहे. दहा वर्षांची गोष्ट दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्राची. हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशातून ती आली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. आपल्याकडे मालवाहू गाडी रस्त्यावर राहणार की नाही हे पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी ठरवते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग, त्यानंतर दरवर्षी. वय वाढेल तशी फी चांगलीच चढते, पण तपासणीत गाडी टिकली तर ती चालते. पंधरा वर्षांवर सरसकट नोंदणी थांबली ती सरकारी गाड्यांची, १ एप्रिल २०२३ पासून. सरकारी जीपचा आणि दिल्लीचा नियम माझ्या पिकअपच्या डोक्यावर आदळणाऱ्याला कायदा माहीत नसेल तर त्याने गाड्या विकू नयेत, आणि माहीत असेल तर तो फसवतोय.

भीतीने काम झालं नाही की स्क्रॅप धोरणाचं गाजर येतं. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने हे धोरण आणलं. त्यात भंगाराची किंमत धरलीय नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के, आणि मालवाहू गाडीला करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत. ९ लाखांची नवी गाडी धरली तर जुनीचे हातात येतात ३६ ते ५४ हजार. चालत्या पिकअपला बाजारात याच्या कितीतरी पट मिळतात. खरंच मोडकळीला आलेल्या गाडीसाठी हे धोरण ठीक आहे. रोज टनभर माल ओढणाऱ्या गाडीसाठी ते पुढे करणाऱ्याला माझ्या गाडीची किंमत कळत नाही, असं मी मानत नाही. त्याला ती नेमकी कळते.

जीएसटीचं मात्र खरं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुन्या दराने १० लाखांना पडणारी गाडी साधारण ७८ हजारांनी उतरली. मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्याला तो कर तसाही परत मिळत होता. आपल्यासारख्या नोंदणी नसलेल्या एकट्या गाडीवाल्याच्या खिशातूनच तो जात होता, म्हणून ही कपात आपल्याच कामाची. पण त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर लावला. सव्वानऊ लाखांच्या गाडीवर तो ६४ हजारांच्या पुढे जातो. पूर्वी वजनाप्रमाणे भरला जाणारा कर आता पहिल्याच दिवशी किमतीवर मोजायचा. शिवाय नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही त्याच आठवड्यात पडतो, हे कुठला सेल्समन सांगतो?

आता व्याज. इथे मला खरा राग येतो.

फायनान्सवाला टेबलावर कॅल्क्युलेटर ठेवून म्हणतो, ‘फक्त सात टक्के, फ्लॅट.’ ८ लाख, पाच वर्षं. वर्षाचे ५६ हजार, पाच वर्षांचे २ लाख ८० हजार, एकूण १० लाख ८० हजार. ६० हप्ते, प्रत्येकी १८ हजार. ऐकायला सोपं वाटतं. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं आणि व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण ८ लाखांवर लावलेलं असतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर साडेबारा टक्के निघतो. सात म्हणून साडेबारा विकायचं, तेही ज्याची शाळा सातवी-आठवीला सुटली अशा माणसाला, याला मी लबाडीच म्हणतो. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला मुख्य माहितीचं पत्रक बंधनकारक केलंय. सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर त्यात लिहावा लागतो, आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत. मांडवात ते पत्रक मागून बघा. सह्या घेताना ते गठ्ठ्याच्या तळाशी असतं. मराठीत द्या म्हटलं की समोरचा घड्याळाकडे बघायला लागतो.

आणि सात टक्के हा आकडा या शहराने खरोखर पाहिलेला आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या धनिकांनी एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली, शहराची मान उंचावली म्हणून कौतुक झालं. त्यातले सुमारे दोन तृतीयांश पैसे स्टेट बँकेने कर्जाने दिले होते, ७ टक्क्यांनी. पी. साईनाथ यांनी त्याच डिसेंबरमध्ये ‘द हिंदू’त त्यावर लिहिलं आणि शेजारी ट्रॅक्टरच्या कर्जाचा १२ टक्के दर मांडला. मिरवायच्या गाडीला सात आणि कमवायच्या गाडीला बारा. इतक्या वर्षांनी पिकअपच्या टेबलावर तोच बारा-साडेबारा बसलाय, फक्त त्याच्या अंगावर सातचा सदरा चढवलाय. मर्सिडीजवाले दीडशे जण एकत्र गेले, म्हणून कंपनीही वाकली आणि बँकही. जाधववाडीच्या गेटवर पहाटे रांगेत लागणाऱ्या पिकअपवाल्यांतले दहा जणही कधी एकत्र शोरूमला गेलेले मी पाहिले नाहीत. प्रत्येक जण एकेकटा जातो, बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवून डाऊन पेमेंट भरतो आणि दर विचारायलाही लाजतो. गाडीच्या रंगावर घासाघीस करण्यापेक्षा दहा जणांनी मिळून व्याजावर करावी. त्याशिवाय हा दर खाली येणार नाही.

१८ हजारांचा हप्ता म्हणजे महिन्याच्या २६ दिवसांत रोज सातशे रुपये, डिझेल घालायच्या आधी. भाडं तर नव्या गाडीलाही जुन्याइतकंच मिळतं. अडत्या गाडीचं मॉडेल बघून पैसे देत नाही. मग ते सातशे कुठून काढायचे? जास्तीच्या वजनातून. दीड टनाच्या गाडीत अडीच टन अद्रक भरतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. पकडलं गेलं तर महिन्याची कमाई गेली. नाही गेलं तर तीच गाडी कन्नडच्या घाटात ब्रेकवर उतरते. जड वाहनांना त्या घाटात २०२३ पासून बंदी आहे, म्हणून लहान गाड्यांनाच तो मोकळा, आणि त्यातल्याच किती भरून-वाकून उतरतात ते एकदा उभं राहून बघा. हे पाप माझ्या मते ड्रायव्हरच्या हावरटपणाचं नाही, हप्त्याचं आहे.

एक्स्चेंज बोनस नावाची चीज तपासायला फार अक्कल लागत नाही. आधी जुनी गाडी दाखवून भाव घ्या. मग घरातल्या दुसऱ्या माणसाला पाठवा. त्याने म्हणावं, माझ्याकडे जुनी गाडी नाही, रोख सूट किती? जेवढा बोनस तुम्हाला जुन्या गाडीवर ‘जास्तीचा’ मिळत होता, जवळपास तेवढीच सूट त्याला मिळालेली दिसेल. म्हणजे बोनस गाडीचा नव्हताच, आणि गाडीचा भाव पाडलेला होता. जुनी गाडी घेणाऱ्या व्यापाऱ्याला तिच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरायचा असतो, मधल्या दलालाला द्यायचं असतं. ते सगळं तो तुमच्याच भावातून वळतं करतो.

पैशाचं नुकसान एकदाच होतं. कागदाचं वर्षानुवर्षं मानेवर बसतं. एक्स्चेंजच्या दिवशी कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर, सह्या घेतात आणि गाडी नेतात. ती दलालाकडून दलालाकडे फिरते, नावावर मात्र तुमच्याच राहते. आमच्या रोडवरच्या एकाला विकलेल्या गाडीचे ई-चलान येत राहिले, आणि मग दुसऱ्या जिल्ह्यातून अपघाताची नोटीस आली. शोरूमने हात वर केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट सांगितलंय: आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक, आणि भरपाईही त्यानेच द्यायची; मध्ये गाडी कितीही हातांतून गेलेली असो. हे थांबवायला १ एप्रिल २०२३ पासून नियम आला. जुन्या गाड्या घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे आरटीओचं अधिकारपत्र हवं, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना २९-सी फॉर्मने आरटीओला गेली पाहिजे. तिथून पुढे गाडीची जबाबदारी त्याची. मी एका मांडवात २९-सी मागितला, तर समोरच्याने तो फॉर्म ऐकलेलाही नव्हता. असा माणूस दिवसाला चार गाड्या ताब्यात घेतो आणि आरटीओ त्याला विचारत नाही, ही आरटीओची नामुष्की आहे. या मांडवांना परवानगी देताना अधिकारपत्र दर्शनी भागात लावायला लावा, एवढी मागणी मी जाहीरपणे करतो.

नव्या गाडीच्या बाजूनेही बोलायला हवं. माझी गाडी बीएस-३ आहे, धूर जास्त सोडते, आणि तो धूर जाधववाडीचे हमाल रोज छातीत भरून घेतात. बीएस-६ गाडी कितीतरी स्वच्छ आहे, हे मी नाकारत नाही. पण तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, ती साफ व्हायला गाडी लांब, सलग पळावी लागते. मार्केटच्या रांगेत तासभर इंजिन चालू, मग पाच किलोमीटर, मग पुन्हा रांग, या कामात ती जाळी तुंबते. दिवा लागतो, गाडी ओढत नाही, आणि आमच्या मिस्त्रीकडे स्कॅनर नसतो. शहराला स्वच्छ गाड्या हव्या असतील तर पिकअपला मर्सिडीजच्या दराने कर्ज द्या. मी उद्या बदलतो.

गाडी कधी बदलायची हे मांडवात कळत नाही, गाडीखाली आडवं पडल्यावर कळतं. भाजीच्या कॅरेटमधून वर्षानुवर्षं पाणी गळतं, ते हौद्याच्या फटीतून चेसिसवर उतरतं. मागच्या पाट्यांचे हँगर जिथे चेसिसला लागतात, तिथली माती खरवडायची आणि हातोडीने ठोकायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, पापुद्रे सुटले, पेचकस टोचल्यावर आत गेला, तर गाडी संपली. वरून रंग मारून पासिंग करून आणणारा स्वतःच्याच जिवावर उठलेला आहे. इंजिनचं तसं नाही. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढलं आणि बॅक कॉम्प्रेशनचा धूर भकाभका आला, तर इंजिन बांधायला आलं एवढंच. त्या कामाचा खर्च नव्या गाडीच्या पाच-सहा हप्त्यांच्या पुढे सहसा जात नाही, आणि गाडी पुढे अनेक हंगाम ओढते. चेसिस गेली तर विका, इंजिन गेलं तर बांधा. बैल विकताना शेतकरी दात बघतो, खूर बघतो. आपण मात्र शेजाऱ्याच्या दारातली नवी गाडी बघून आपली विकायला काढतो.

मार्चमध्ये माझी गाडी पासिंगला आहे. त्याआधी मागचे ब्रेक लायनर आणि दोन टायर टाकायचे आहेत. खर्च एका हप्त्याच्या आसपास. हँगरजवळ गंज धरलेला आहे, अजून वरवरचा. तो आत उतरला की मी गिऱ्हाईक शोधीन, त्याला गंज दाखवून भाव ठरवीन, सोबत आरटीओत नेईन आणि गाडी त्याच्या नावावर चढल्यावरच चावी देईन.