शेवटी मरते कोण?



राजोडीहून सिनेमाला जायचे म्हणजे अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम. रिक्षा करा, नालासोपारा नाहीतर विरार गाठा, चार माणसांची तिकिटे काढा आणि मध्यंतरात पोरांनी पॉपकॉर्न मागितला की तिकिटापेक्षा जास्त पैसे मोजा. म्हणून आमच्या घरी बरेचसे सिनेमे आता भाच्याचा मोबाइल टीव्हीला जोडूनच पाहिले जातात. पूर्वी जयंतीच्या रात्री भाड्याने व्हीसीआर आणून सगळी वस्ती एका टीव्हीपुढे बसत असे. आता प्रत्येकाच्या हातात टीव्ही आहे आणि शेजारी बसून पाहणारा कोणी नाही. असो. 2025 साली आलेले तीन चित्रपट मी पाहिले. त्यांविषयी मला जे वाटले ते साध्या शब्दांत सांगते. पटले तर घ्या, नाही पटले तर वाद घाला.

पहिला ‘फुले’. अनंत महादेवन यांचा हा हिंदी चित्रपट. प्रतीक गांधी जोतिराव झाले आहेत आणि पत्रलेखा सावित्रीबाई. जोतिरावांची जयंती 11 एप्रिलची, म्हणून चित्रपट त्याच दिवशी यायचा होता. पण काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉरने बदल सांगितले आणि तो 25 एप्रिलला आला. बदल कोणते? तर ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ असे शब्द नकोत. तीन हजार वर्षांची गुलामी असे म्हणू नका, कित्येक वर्षांची म्हणा. आता मला सांगा, ज्यांच्यासाठी जोतिरावांनी शाळा काढल्या त्यांचे नावच घ्यायचे नाही, तर शाळा कोणासाठी काढल्या हे मुलांना कसे कळायचे? डॉक्टरने रोग्याला तपासावे, औषध द्यावे, पण रोगाचे नाव कागदावर लिहू नये, असा हा प्रकार.

चित्रपट मला कसा वाटला? खरे सांगते, थोडा पाठ्यपुस्तकासारखा. एक प्रसंग संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा. माणसे एकमेकांशी बोलताना भाषण केल्यासारखी बोलतात. पण पत्रलेखाने सावित्रीबाई मनापासून केली आहे. शेण अंगावर पडल्यावर तिच्या चेहऱ्यावर रडे नाही, पुढे जायची घाई आहे. तेवढ्यासाठी मुलींना हा चित्रपट जरूर दाखवावा. आपल्या मराठीत याआधीही हा विषय पडद्यावर आला. 2024 च्या जानेवारीत संदीप कुलकर्णी आणि राजश्री देशपांडे यांचा ‘सत्यशोधक’ आला. आणि त्याच्या फार आधी आचार्य अत्र्यांचा ‘महात्मा फुले’. बाबुराव पेंढारकर जोतिराव आणि सुलोचनाबाई सावित्रीमाई. त्या चित्रपटाचा मुहूर्त 1954 साली खुद्द बाबासाहेबांनी केला होता. ज्यांना गुरू मानले त्यांच्यावरच्या चित्रपटासाठी आजारपणातही ते स्टुडिओत गेले. सिनेमा म्हणजे वेळ घालवणे, असे म्हणणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट सांगायला हवी.

दुसरा ‘धडक 2’. शाझिया इक्बाल यांचा, 1 ऑगस्टला आलेला. तेव्हा ‘सैयारा’ची लाट होती. आमच्या घरातली पोरे ‘सैयारा’ दोनदा पाहून आली आणि ‘धडक 2’ घरी बसून पाहू म्हणाली. ही मूळ गोष्ट तमिळ. मारी सेल्वराज यांनी 2018 साली ‘परियेरुम पेरुमाळ’ काढला, त्यावरून हा हिंदीत केला. दलित मुलगा वकिलीच्या कॉलेजात शिकायला जातो, तिथे वरच्या जातीची मुलगी त्याच्याशी मनमोकळी वागते आणि तिच्या घरच्यांना ते सहन होत नाही. सिद्धांत चतुर्वेदी आणि तृप्ती डिमरी दोघांनी काम चांगले केले आहे. मुलाच्या वडिलांचे काम विपिन शर्मा यांनी केले आहे. तो बाप बाईचे कपडे घालून नाचून पोट भरणारा आहे. कॉलेजात बापाला न्यायची वेळ येते तेव्हा मुलाची जी घालमेल होते ती बघताना आमच्याकडे सगळे गप्प झाले. मोठ्या कॉलेजात शिकायला गेलेल्या आपल्या कितीतरी पोरांनी आईबापाला फाटकाबाहेर थांबायला सांगितले असेल. ते कोणी बोलून दाखवत नाही, इतकेच.

या चित्रपटात सेन्सॉरने सोळा बदल करवले, असे वर्तमानपत्रांत आले होते. तरीही जातीचा विषय झाकलेला नाही, हे विशेष. पहिला ‘धडक’ 2018 सालचा. तो आपल्या ‘सैराट’वरून केलेला, पण त्यात जात अशी काही पातळ केली होती की श्रीमंत-गरिबाचीच गोष्ट वाटावी. त्या मानाने दुसऱ्याने धीर दाखवला. माझी तक्रार एवढीच की मूळ तमिळ चित्रपटाचा शेवट याला साधला नाही. तिथे शेवटी मुलगा आणि मुलीचा बाप यांचे चहाचे दोन ग्लास टेबलावर दिसतात आणि मधे मोगऱ्याचे एक फूल. बाप बदलला, असे कोणी म्हणत नाही. मुलगा जिंकला, असेही नाही. दोन ग्लास फक्त एका टेबलावर आले आहेत. ज्यांच्या आज्याला हॉटेलाबाहेर वेगळ्या कपात चहा मिळायचा, त्यांना त्या दोन ग्लासांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

तिसरा ‘होमबाउंड’. नीरज घायवान यांचा. कान महोत्सवात दाखवला गेला आणि 26 सप्टेंबरला आपल्याकडे आला. भारताकडून ऑस्करला पाठवला होता. पंधरांच्या यादीपर्यंत गेला, पुढे नाही. उत्तरेतल्या एका खेड्यातले दोन मित्र, चंदन दलित आणि शोएब मुसलमान. पोलिसात भरती झालो तर अंगावर वर्दी येईल आणि मग कोणी जात-धर्म विचारणार नाही, एवढीच त्यांची आशा. ती पुरी होत नाही आणि पोटासाठी सुरतच्या कापड गिरणीत जावे लागते. मग येते टाळेबंदी. ही खऱ्या घटनेवरची गोष्ट आहे. 2020 च्या मे महिन्यात सुरतहून गावी निघालेल्या दोन मित्रांपैकी एकाने रस्त्याच्या कडेला दुसऱ्याच्या मांडीवर डोके ठेवले होते. तो फोटो देशभर पोचला. त्यावर पत्रकार बशारत पीर यांनी लेख लिहिला आणि त्यातून हा चित्रपट झाला. आपल्या वसईकरांना हे लांबचे वाटणार नाही. त्याच महिन्यात वसईतही श्रमिक गाडीसाठी लागलेल्या माणसांच्या रांगा आपण पाहिल्या आहेत. आपल्या महामार्गावरून डोक्यावर बोचकी घेऊन चाललेली माणसेही पाहिली आहेत.

विशाल जेठवाचा चंदन पाहून मी भारावून गेले. ईशान खट्टरचा शोएबही तितकाच खरा. जान्हवी कपूरच्या वाट्याला काम थोडे आले आहे. तिची सुधा शिकायला हवे यावर ठाम आहे आणि चंदनला आधी नोकरी हवी आहे. हा वाद आपल्या कोणत्या घरात झालेला नाही? चंदनची आई शाळेत मुलांचे जेवण रांधायला लागते, तर तिच्या हातचे आमच्या मुलांना नको म्हणून पालक येतात. तिच्या फुटलेल्या टाचा कॅमेरा दाखवतो आणि कोणी काही बोलत नाही. पण मला सर्वांत टोचले ते चंदनच्या बहिणीचे बोलणे. घरात शिकायची संधी मिळाली ती मुलाला, मुलीला कोणी विचारलेच नाही, हे ती तोंडावर सांगते. बाहेरच्यांनी केलेल्या अन्यायाचा हिशेब आपण चोख ठेवतो. घरातल्या या हिशेबाची वही मात्र आपण उघडत नाही. ती या चित्रपटाने उघडली, म्हणून तो मला मोठा वाटतो.

आता त्या चित्रपटातली एक जागा. नोकरीच्या अर्जात चंदन राखीव जागेवर हक्क असूनही आपली जात लिहीत नाही. आडनावही आखडते घेतो. आमच्याकडे तेव्हा बहिणीची मुलगी बसली होती. दहावी झालेली, अकरावीचा अर्ज भरायचा होता. तिने सिनेमा संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग विचारले, “मावशी, आपली माणसे शेवटी मरतातच का गं?” थोड्या वेळाने आईला म्हणाली, “आई, मी पण त्याच्यासारखाच ओपनमधून फॉर्म भरू का? मार्क आहेत मला.”

बहीण म्हणाली, “मार्क आहेत तर भर हवा तिथून. पण लाजून भरणार असशील तर नको.”

मला बहिणीचे उत्तर पटले. मुलीचा पहिला प्रश्न मात्र डोक्यात राहिला, कारण तिने हिशेब बरोबर केला होता. ‘सैराट’ 2016 चा, आर्ची आणि परश्या दोघेही जातात आणि लहान बाळ रक्ताच्या पावलांनी चालत बाहेर येते. पहिल्या ‘धडक’मध्ये मुलगा आणि बाळ जाते, मुलगी उरते. ‘होमबाउंड’मध्ये मित्र दोन, मरतो चंदन. ‘जय भीम’ 2021 चा, त्यात नवरा पोलीस कोठडीतच संपलेला. एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने हे ओळीने पाहिले तर आपले जगणे म्हणजे मार खाणे आणि आपले प्रेम म्हणजे मरण, असे तिला वाटले तर नवल काय?

कोणी म्हणेल, जे घडते तेच दाखवतात. खरे आहे. 2006 चे खैरलांजी आणि 2014 चे खर्डा आपल्याच महाराष्ट्रात घडले. ‘सैराट’चा शेवट नागराज मंजुळे यांनी कल्पनेतून उगाच आणलेला नाही. तो गोड केला असता तर मीच चिडले असते. पण घडते ते एवढेच नाही. सकाळच्या विरार लोकलला लटकून जाणारी आपली माणसे आहेत. रात्रपाळी करून येणाऱ्या नर्स आहेत, बँकेत बसणाऱ्या मुली आहेत, हप्ते फेडून खोलीचा फ्लॅट केलेली कुटुंबे आहेत. त्यांच्या घरात भांडणे होतात, हळदी होतात, बारशी होतात. त्यांच्यावर सिनेमा कोण काढणार? दुःख आहे म्हणूनच आम्ही पडद्यावर यायचे आणि सुख असले की यायचे नाही, हे काही बरोबर नव्हे.

अगदीच कोणी दाखवले नाही असे मात्र नाही. त्याच घायवान यांनी 2023 साली ‘मेड इन हेवन’ या मालिकेच्या एका भागात बौद्ध पद्धतीचे लग्न दाखवले. राधिका आपटे पांढऱ्या साडीत आणि समोर बाबासाहेबांची तसबीर. एवढ्या श्रीमंती थाटाच्या मालिकेत आपले लग्न आपल्या पद्धतीने लागताना पाहून आमच्या घरात बायकांनी तो भाग मागे घेऊन पुन्हा लावला. ‘झुंड’मध्ये, 2022 साली, नागपूरच्या वस्तीतली जयंती दिसली. अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे उभे, पोरे डीजेवर नाचताहेत. त्यात कोणी मरत नाही, कोणी उपदेश करत नाही. आणि ‘जय भीम’च्या शेवटी ती लहान मुलगी वकिलासमोर खुर्चीत बसते, त्याच्यासारखाच पायावर पाय टाकते आणि वर्तमानपत्र उघडते. मला विचाराल तर कोर्टातल्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा ती मुलगी मोठी. भाचीला मी तेच सांगितले की यादी करायची तर ही मुलगीही धर. ती जिवंत आहे आणि वाचते आहे.

तेव्हा भगिनींनो, कोणते पाहावे? ‘फुले’ लहान मुलांसह पाहा आणि सेन्सॉरने गाळलेले शब्द तुम्ही घरी सांगा. आपल्याकडे ते सांगणारी माणसे आहेत. ‘धडक 2’ कॉलेजातल्या मुलांबरोबर पाहा. मारहाणीचे प्रसंग आहेत, म्हणून धाकट्यांना नको. ‘होमबाउंड’ मोठ्या मुलांना दाखवा, पण एकट्याने मोबाइलवर पाहू देऊ नका. शेजारी बसा. संपल्यावर लगेच दिवा लावून उठू नका, पोरे काय विचारतात ते ऐका. विहारात रविवारी वंदनेनंतर एखादा चित्रपट दाखवून तासभर बोलता आले तर फारच उत्तम. आणि असा सिनेमा थिएटरला आला तर पहिल्या आठवड्यातच जा. आपण दुसऱ्या आठवड्यात जाऊ म्हणतो आणि तोवर तो उतरलेला असतो. मग आमच्यावर कोणी सिनेमा काढत नाही, ही तक्रार करायला तोंड उरत नाही.

पुढच्या वेळी हसवणाऱ्या चित्रपटांविषयी लिहीन. तेही पाहतो आपण. जयभीम.